दुय्यम पात्राचं इमान नक्की कोणाशी? फॅन थिअरी बांधण्याची पद्धत

आधी स्पॉयलरची सूचना: 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' आणि 'द व्हील ऑफ टाइम' या दोन मालिकांतली मोठी रहस्यं पुढे उघड केली आहेत. यांपैकी एखादी वाचत असाल, तर ती संपवूनच हा लेख वाचा.

एपिक फँटसीत पात्रं शेकड्यांनी असतात. वाचकाचं लक्ष नायकाच्या तलवारीवर असतं, त्यामुळे पत्र घेऊन येणारा, जखम बांधणारी, मेजवानीत कोपऱ्यात बसून खाणारा जाडा सरदार यांच्याकडे कुणी नीट पाहत नाही. लेखकाला काही लपवायचं असेल तर तो ते बहुतेक वेळा अशाच माणसांकडे ठेवतो. म्हणूनच 'हा दिसतो त्या बाजूचा नाही' ही फॅन थिअरीतली (लेखकाने न सांगितलेल्या गोष्टींबद्दल वाचकांनी पुराव्यावरून बांधलेल्या अंदाजातली) सगळ्यात आवडती जात आहे. सगळ्यात जास्त फसणारीही हीच, कारण संशय घ्यायला काही लागत नाही आणि सुतावरून स्वर्ग गाठायला वेळही लागत नाही. दुसऱ्या वाचकाला पुस्तक उघडून ओळ न् ओळ तपासता येईल, अशी थिअरी कशी उभी करायची ते इथे पाहू.

पात्र निवडणं

पूर्ण मालिकेत साधारण 8 ते 30 प्रसंगांत दिसणारं पात्र नवख्यासाठी योग्य. पाचपेक्षा कमी प्रसंग असतील तर पुरावाच जमत नाही, उरते ती कल्पना. ज्याच्या नजरेतून प्रकरणंच्या प्रकरणं लिहिली आहेत, असं पात्र सुरुवातीला टाळा. त्याचं मन वाचकाला दिसत असतं, त्यामुळे लेखकाने ते कुठे आणि कसं झाकलं हे आधी सिद्ध करावं लागतं.

मग एक साधा प्रश्न विचारा: या पात्राच्या हातात काय आहे? किल्ली, पत्रव्यवहार, औषध, स्वयंपाकघर, राजाच्या कानाशी बसण्याची जागा, कैद्याची कोठडी, यांपैकी काहीतरी असलं पाहिजे. आतून कुणाला मिळालेला माणूस काहीच करू शकत नसेल, तर त्याच्या इमानाला कथेत महत्त्व नाही. तुमची थिअरी खरी ठरली तरी काही बदलणार नाही.

नोंदवही

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो जायलाच हवा. थिअरी सुचल्यावर पुरावे शोधायला निघालात तर जे हवं तेच सापडेल. त्याऐवजी पात्र ठरवा आणि त्याचे सगळे प्रसंग, सोयीचे-गैरसोयीचे, एका तक्त्यात उतरवा. तक्त्यात आठ रकाने करा: पुस्तक आणि प्रकरण, प्रसंग कोणाच्या नजरेतून आहे, खोलीत आणखी कोण होतं, पात्र काय बोललं (शब्दशः), पात्राने काय केलं, तोपर्यंत त्याला काय माहीत होतं, फायदा कोणाला आणि तोटा कोणाला झाला, आणि शेवटी, या प्रसंगाचं सगळ्यात साधं स्पष्टीकरण.

शेवटचा रकाना लोक हमखास रिकामा सोडतात. तो भरल्याशिवाय पुढची ओळ लिहू नका. 'तो घाबरला होता', 'त्याला झोप येत होती', 'लेखकाला संवाद पुढे न्यायचा होता' अशी उत्तरं कंटाळवाणी वाटतील, पण निम्म्याहून जास्त ठिकाणी तीच बरोबर असतात.

पान क्रमांक लिहू नका, आवृत्तीगणिक तो बदलतो. प्रकरणाचं नाव किंवा क्रमांक लिहा. एकाच नावाची अनेक प्रकरणं असतील ('अ साँग ऑफ आइस अँड फायर'चे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या पुस्तकांत प्रकरण ज्याच्या नजरेतून आहे, बहुधा त्या पात्राचंच नाव त्याला असतं), तर 'डाव्होसचं तिसरं' असं लिहा.

ई-बुकमध्ये नुसतं नाव शोधून भागत नाही. वायमन मँडरली या सरदाराचं उदाहरण घ्या. पुस्तकात ठिकठिकाणी तो 'व्हाइट हार्बरचा लॉर्ड', 'तो जाडा लॉर्ड' असा येतो, शिवाय घोड्यावर बसता येणार नाही इतका लठ्ठ म्हणून त्याला टोपणनाव पडलं आहे. फक्त आडनाव शोधलंत तर हे प्रसंग निसटतात, आणि निसटतात नेमके ते, जिथे दुसरे लोक त्याची टर उडवत असतात. त्याला कोण किती कमी लेखतं हे तुमच्या थिअरीला फार उपयोगी असतं. म्हणून आधी पदव्या, टोपणनावं, नात्यातले उल्लेख, घराण्याचं चिन्ह आणि त्याच्या नोकरांची नावं यांची यादी करा. शोध एकेका नावाने घ्या.

दुसरं म्हणजे, पात्र जिथे नाही पण असायला हवं होतं, ते प्रसंगही नोंदवा. सभेला का आला नाही? त्या रात्री कुठे होता? गैरहजेरी हा पुरावा नव्हे, पण पुढे तारखा जुळवताना ती लागते.

पुराव्याची प्रत

सगळे पुरावे एका तोलाचे नसतात. पहिल्या दर्जाला ती कृती, जिच्यासाठी पात्राने किंमत मोजली: जीव धोक्यात घातला, पद गमावलं, मुलाला ओलीस राहू दिलं. गोड बोलायला काही पडत नाही, म्हणून बोलण्यावरून इमान ठरवू नका. त्याखालोखाल येते ती माहिती, जी पात्राकडे असायला नको होती. पत्र फोडलेलं नाही आणि तरीही मजकूर ठाऊक आहे, तर तिथे नक्की पाणी मुरतंय. त्यानंतर चारचौघांतलं बोलणं आणि एकांतातलं बोलणं यांतली तफावत. मग टाळाटाळ, म्हणजे थेट प्रश्नाला दिलेलं आडवं उत्तर. सगळ्यात खाली कपड्यांचा रंग, नावाचा अर्थ, स्वप्नं, भविष्यवाण्या. भविष्यवाणी कुठल्याही घटनेवर बसवता येते, तिच्या भरवशावर काही उभं करू नका.

दहा दुबळे पुरावे एकत्र केले म्हणून एक भक्कम पुरावा होत नाही. ते एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच त्यांची बेरीज धरता येते. एकाच प्रसंगातलं हसू, नजर आणि पेल्यातलं मद्य हे तीन पुरावे नाहीत, एकच आहे.

तो प्रसंग कोण सांगतंय हेही प्रत ठरवताना पाहा. हल्लीच्या बहुतेक एपिक फँटसी मर्यादित तृतीयपुरुषी निवेदनात असतात, म्हणजे जे दिसतं ते एका पात्राला दिसतं तेवढंच. 'त्याच्या डोळ्यांत द्वेष होता' हे वाक्य निवेदकाचं वाटतं, पण खरं ते पाहणाऱ्याचं मत असतं. पाहणारा भेदरलेला, प्रेमात पडलेला किंवा दारू प्यालेला असेल, तर त्या वाक्याची किंमत त्या मानाने कमी करा.

पाय (pie), गाणं आणि पाहुण्यांचे घोडे

चांगला पुरावा कसा दिसतो, ते मँडरलीच्या बाबतीत जवळून पाहता येतं. 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'च्या 2011 मध्ये आलेल्या पाचव्या पुस्तकात हा लॉर्ड उघडपणे फ्रे घराण्याच्या बाजूने उभा आहे. ज्या लग्नात फ्रेंनी स्टार्कांची, म्हणजे मँडरलीच्या मूळ धन्यांची, कत्तल केली, तिथे त्याचा एक मुलगा, वेंडेल, मारला गेला. दुसरा, वायलिस, शत्रूच्या कैदेत आहे. भर दरबारात, फ्रेंच्या देखत, तो विरोधी बाजूचा दूत म्हणून आलेल्या डाव्होसचं डोकं उडवण्याचा हुकूम सोडतो. एवढंच वाचलं तर तो गयावया करणारा भित्रा म्हातारा वाटतो.

पुढे त्याची आणि डाव्होसची एकांतात भेट होते. तिथे कळतं की मारला गेला तो दुसराच कुणी कैदी. बोलता बोलता मँडरली सांगतो की आपल्याकडे आलेल्या तीन फ्रेंना, जॅरेड, सायमंड आणि रेगार यांना, आपण घोडे भेट दिले आहेत. निरोपाच्या वेळी पाहुण्याला भेट द्यायची हा त्या जगातला रिवाज. भेट दिली की पाहुणचार संपला, आणि पाहुणचार संपला की यजमानावरचं बंधनही संपलं. डाव्होसला हे समजलं की नाही, एवढंच मँडरली विचारतो.

आता दुसऱ्याच पात्राच्या प्रकरणात चला. विंटरफेल या किल्ल्यात लग्न आहे आणि ते आपण थिऑनच्या नजरेतून पाहतो. तिघे फ्रे पोहोचलेलेच नाहीत. मँडरली तीन भलेमोठे पाय (आत मांस भरून भाजलेला पदार्थ) घेऊन येतो, स्वतःच्या हाताने वाढतो, स्वतः प्रत्येक पायमधले दोन असे सहा तुकडे खातो आणि रात्री झिंगून बाहेर पडताना गवयाला उंदीर-आचाऱ्याचं गाणं म्हणायला सांगतो. ही उंदीर-आचाऱ्याची कथा 2000 मध्ये आलेल्या तिसऱ्या पुस्तकात ब्रॅनच्या प्रकरणात आहे: एका आचाऱ्याने राजाला त्याच्याच मुलाच्या मांसाचा पाय खाऊ घातला. देवांनी त्याला शाप दिला तो खुनासाठी नव्हे, आपल्याच छपराखालच्या पाहुण्याला मारल्यासाठी.

पायमध्ये काय होतं हे पुस्तक कुठेच सांगत नाही. तरीही हा निष्कर्ष भक्कम मानला जातो, आणि त्याची कारणं शिकण्यासारखी आहेत. धागे तीन वेगवेगळ्या नजरांतून येतात. ते दोन पुस्तकांत, 11 वर्षांच्या अंतराने पसरलेले आहेत. आकडा जुळतो, तीन माणसं आणि तीन पाय. हेतू आधीच स्थापित आहे. त्या जगाचा पाहुणचाराचा नियम मोडलेला नाही, तर काळजीपूर्वक पाळलेला आहे, आणि घोड्यांचा उल्लेख दुसऱ्या कुठल्याही कारणाने तिथे असण्याची गरज नव्हती. तुमच्या थिअरीत असा एक जरी धागा असेल, जो काढला तर प्रसंगाला काही अर्थ उरत नाही, तर तुमचं काम नीट चाललं आहे.

याच पुराव्यावरून पुढे 'उत्तरेतले सगळेच सरदार मिळून कट करताहेत' अशी मोठी थिअरी उभी राहिली. तिच्यात काही सरदारांपुरता जोर आहे, काहींपुरता अजिबात नाही. मँडरलीचा पुरावा मँडरलीचा. तो उत्तरेतल्याच बार्बरी डस्टिन या सरदारणीच्या खात्यावर जमा करता येत नाही. तिच्यासाठी वेगळी नोंदवही हवी आणि तिच्या तोंडचा स्टार्कांबद्दलचा राग त्यात प्रामाणिकपणे उतरवायला हवा.

चार गोष्टी वेगळ्या ठेवा

नवख्यांची थिअरी सगळ्यात जास्त वेळा इथे फसते. 'तो कोणाच्या बाजूने आहे' हा एक प्रश्न वाटतो, पण त्यात चार प्रश्न आहेत: तो कोणत्या गटात नोंदलेला आहे, त्याने कोणाला शब्द दिला आहे, त्याच्या कृतीने कोणाचं भलं होतं आणि त्याला शेवटी काय घडायला हवं आहे. महाभारतातला शल्य आठवा. दुर्योधनाच्या आदरातिथ्याला भुलून तो कौरवांकडे जातो, कर्णाचा तेजोभंग करण्याचं वचन मात्र युधिष्ठिराला देतो, आणि तरी अठराव्या दिवशी कौरवांचा सेनापती म्हणून लढून युधिष्ठिराच्याच हातून मरतो. त्याच्यासमोर एकच रकाना भरायचा म्हटलं तर काय लिहाल?

रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम'मधली वेरिन ही या बाबतीतली सगळ्यात बोधक केस. 1990 मध्ये आलेल्या 'द ग्रेट हंट'मध्ये ती इंग्टारच्या तुकडीला येऊन मिळते आणि मोइरेनने आपल्याला पाठवलं असं सांगते. मोइरेन नंतर म्हणते, मी वेरिनला पाठवलं नव्हतं. एरवी ही साधी थाप ठरली असती. पण या जगात एस सेडाई, म्हणजे जादू जाणणाऱ्या स्त्रिया (वेरिन आणि मोइरेन दोघीही तशाच), खोटं न बोलण्याच्या शपथेने बांधलेल्या असतात. ही शपथ जादूची आहे, मोडायची म्हटली तरी मोडत नाही. म्हणजे दोघींपैकी एकीवर ती शपथ लागू नाही, आणि शपथेतून सुटलेल्या म्हणजे अंधाराला वाहून घेतलेल्या ब्लॅक अजाहमधल्या. या एका वाक्यावर वाचकांनी वर्षानुवर्षं थिअरी मांडली की वेरिन ब्लॅक अजाह आहे.

2009 मध्ये, जॉर्डन यांच्या निधनानंतर ब्रँडन सँडरसन यांनी पूर्ण केलेल्या 'द गॅदरिंग स्टॉर्म'मध्ये उत्तर मिळालं. वेरिन खरोखर ब्लॅक अजाहची होती. पण मरण किंवा सामील होणं असा पेच पडला म्हणून ती सामील झाली आणि पुढची अनेक दशकं आतून त्यांची माहिती गोळा करत राहिली. त्यांना दिलेली शपथ मरणाच्या घटकेपर्यंत फितुरी न करण्याची होती, म्हणून तिने विष घेतलं आणि त्या शेवटच्या घटकेत नायकाच्या बाजूच्या एग्वेनला सगळं सोपवलं. 'ब्लॅक अजाह आहे' म्हणणारे बरोबर ठरले, 'म्हणून शत्रू आहे' म्हणणारे चुकले. पुरावा सदस्यत्वाचा होता, निष्कर्ष उद्देशाचा काढला गेला. उद्देशाचा पुरावा दुसऱ्या रकान्यात होता: इतकी वर्षं नायकाच्या जवळपास वावरून, संधी मिळूनही तिने त्याचा घात केला नाही.

म्हणून थिअरीचं वाक्य लिहिताना हे चारही भाग सुटे लिहा. 'अमुक पात्र तमुक गटात आहे, तमक्या प्रसंगापासून, तमक्याच्या दबावाखाली, आणि त्याला शेवटी तमुक हवं आहे.' ज्या भागाला पुरावा नाही तिथे 'पुरावा नाही' असं सरळ लिहा. अर्धी पण खरी थिअरी चालते.

त्या जगाचे नियम आधी पाठ करा. शपथ जादूची आहे की नुसती अब्रूची? पाहुणचार किती पवित्र? निरोप किती दिवसांत पोहोचतो? ज्या जगात खोटं सहज बोलता येतं, तिथे वेरिनचं वाक्य काहीच सिद्ध करत नाही.

तपासणी

थिअरी लिहून झाली की तीन चाचण्या घ्या.

पहिली, नावबदल. तुमच्या पुराव्यातून पात्राचं नाव काढून त्याच दरबारातल्या दुसऱ्या कुणाचं घाला. पुरावा तितकाच चपखल बसला, तर तो त्या पात्राबद्दल काही सांगत नव्हता.

दुसरी, उलट बाजू. हेच पात्र दिसतं तसंच, सरळ आणि निष्ठावान आहे, असं मानून एक परिच्छेद प्रामाणिकपणे लिहा. तो तुमच्या थिअरीपेक्षा कमी गृहीतकांत उरकला, तर थिअरी बाजूला ठेवा.

तिसरी, दिनदर्शिका. पात्राला ती बातमी कळली कधी, आणि त्याने कृती केली कधी? डोंगरापलीकडून घोडेस्वार यायला वीस दिवस लागत असतील आणि कट पाचव्या दिवशी शिजला असेल, तर तुमच्या पात्राला तो माहीत असणं शक्य नाही. बऱ्याच लोकप्रिय थिअऱ्या इथेच कोसळतात, कारण वाचकाला जे ठाऊक आहे ते पात्रालाही ठाऊक आहे असं नकळत धरलं जातं.

कुठे घसरायला होतं

लेखकाची चूक आणि लेखकाची खूण यांत गल्लत होते. मार्टिन यांच्या पुस्तकांत रेन्लीचे डोळे एकदा हिरवे आणि पुढे निळे आहेत. ती निव्वळ गफलत होती, त्यामागे बहुरूपी वगैरे काही नव्हतं. तपशिलाचा फरक एकदाच आढळला आणि कुठल्याही पात्राने त्याची दखल घेतली नाही, तर तो चूक समजा. दोनदा आढळला, किंवा कुणी त्यावर भुवई उंचावली, तर नोंद घ्या.

पुस्तक आणि त्यावरची टीव्ही मालिका एकत्र कालवू नका. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या सहाव्या सीझनमध्ये, 2016 मध्ये, फ्रेंचा पाय वॉल्डर फ्रेला वाढते ती आर्या. पडद्यावरचा पुरावा घेऊन पुस्तकातल्या मँडरलीबद्दल काही सिद्ध करायला गेलात, तर तो बादरायण संबंध होईल. अनुवाद वाचत असाल तर ज्या वाक्यावर सगळी भिस्त आहे, ते मूळ भाषेत एकदा तपासून घ्या. एका क्रियापदाने 'ध' चा 'मा' होतो.

परिशिष्टं आणि शब्दसूची वाचायचा कंटाळा करू नका. 'द व्हील ऑफ टाइम'मधल्या, 1993 मध्ये आलेल्या 'द फायर्स ऑफ हेवन'च्या शेवटी असमोडियन या खलपात्राला कुणी मारलं, यावर वाचक 17 वर्षं वाद घालत होते. उत्तर 2010 मधल्या 'टॉवर्स ऑफ मिडनाइट'च्या मागच्या शब्दसूचीत, ग्रेंडालच्या नोंदीत होतं.

मांडणी

पहिली थिअरी 600 ते 900 शब्दांत बसवा. वर कोणत्या पुस्तकापर्यंतचे स्पॉयलर आहेत ते लिहा, मग दाव्याचं वाक्य, मग सगळ्यात भक्कम पुरावा. दुबळे धागे आधी घातले की वाचक तिथेच गळतो. तीन-चार पुरावे पुरतात, प्रत्येकाला प्रकरणाचा संदर्भ आणि मूळ शब्द द्या. विरोधात जाणारा सगळ्यात मोठा प्रसंग स्वतःच मांडा. तुम्ही तो लपवलात तर पहिला प्रतिसाद त्याचाच येईल.

शेवटी दोन किंवा तीन भाकितं लिहा, आणि ती चुकू शकतील अशी लिहा. 'पुढे त्याची भूमिका महत्त्वाची ठरेल' याला भाकीत म्हणत नाहीत. 'वेढा पडल्यावर तो दार आतून उघडेल' किंवा 'ती अंगठी त्याच्याकडेच निघेल' असं हवं. सोबत एक वाक्य असंही लिहा: अमुक घडलं तर माझी थिअरी मोडली असं मी मानेन. पुढचं पुस्तक आलं की जुन्या मजकुराला हात न लावता, खाली तारीख टाकून प्रत्येक भाकितासमोर खरं, खोटं किंवा अजून अनिर्णित एवढंच लिहा, आणि नोंदवहीत नव्या पुस्तकाच्या ओळी भरायला घ्या.